लोहार चाळीतून एलईडी घेताय? स्टार नंतर मोजा, आधी आर-नंबर बघा

सोसायटीच्या जिन्यातले, पॅसेजमधले, मीटर रूममधले सगळे जुने दिवे काढून एलईडी लावायचं काम ह्या वर्षी कमिटीने माझ्याकडे दिलं (मी खजिनदार आहे), त्यामुळे लोहार चाळ (मुंबईतलं इलेक्ट्रिकच्या सामानाचं होलसेल मार्केट) चांगली पिंजून झाली. म्हणून हा रिव्ह्यू मार्केटचा पण आहे आणि बल्बच्या खोक्यावर जे काय काय छापलेलं असतं त्याचा पण. आधी निकाल सांगते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल: व्हरायटीला पाचपैकी पाच, भावाला साडेचार, आणि विश्वासाला तीन. तो तीनचा आकडा तुम्ही स्वतः पाचवर नेऊ शकता, फक्त पैसे द्यायच्या आधी खोका उलटा करून त्याच्या मागचं बारीक अक्षर वाचायचं आणि मोबाइल काढून तपासायचं. माझ्या ओळखीतले बहुतेक लोक स्टार बघतात, वॉरंटी विचारतात आणि पैसे देऊन मोकळे होतात, आणि ज्या नंबरवर आपल्या घराची सेफ्टी अवलंबून आहे तो कोणी वाचतच नाही, हे मला मनापासून खटकतं म्हणून एवढं लिहितेय.

मार्केटबद्दल फार लिहीत नाही, बहुतेकांना माहीत आहे. सीएसएमटीला उतरायचं, क्रॉफर्ड मार्केटवरून पुढे चालत जायचं, वेस्टर्नवाल्यांनी मरीन लाइन्सवरून प्रिन्सेस स्ट्रीटने यायचं. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. दिवाळीच्या आधी तर शक्यतो नकोच, माळांच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते आणि दुकानदाराला तुमच्याशी दोन मिनिटं बोलायला वेळ नसतो, आणि ह्या खरेदीत दुकानदाराशी बोलणं फार गरजेचं आहे. होलसेलचा भाव कार्टनवर मिळतो, सुटे घेतलेत तर दादर-परळच्या दुकानात आणि तिथे फारसा फरक राहत नाही, त्यामुळे एखाद-दोन बल्बसाठी एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही, पण सोसायटीचं किंवा नवीन घराचं काम असेल तर नक्की जा.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे बल्बवर दोन वेगवेगळ्या सरकारी गोष्टी असतात आणि लोक त्या एकच समजतात. एक म्हणजे बीआयएसची नोंदणी, त्यात सेफ्टी येते. दुसरी बीईईची स्टार रेटिंग, त्यात विजेची बचत येते. दोन्ही खाती वेगळी, लेबलं वेगळी, तपासायची अ‍ॅपसुद्धा वेगळी. बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरो, सोन्याच्या हॉलमार्कवाले तेच. होल्डरमध्ये बसणाऱ्या एलईडी बल्बसाठी त्यांचं मानक आहे आयएस १६१०२, त्याचा भाग १ सेफ्टीचा आणि भाग २ परफॉर्मन्सचा. भिंतीवर फिट करायची बॅटन, म्हणजे आपण ज्याला अजूनही ट्यूबलाइटच म्हणतो, ती आयएस १०३२२ मध्ये येते. ही नोंदणी सक्तीची आहे, २०१२ च्या सरकारी ऑर्डरमध्ये २०१४ साली एलईडीचे दिवे घातले गेले, त्याचा अंमल सुरू झाल्यापासून हा नंबर नसलेला माल विकणंच बेकायदेशीर आहे. खोक्यावर आणि बल्बवर चिन्हासोबत आयएस नंबर असतो आणि 'आर' आणि त्याच्यापुढे आठ आकडे असतात, तो आर-नंबर. काही दुकानदार 'आयएसआय आहे ताई, काळजी नको' म्हणतात, पण एलईडी बल्बला आर-नंबरच मागायचा. आयएसआय वायरवर बघा, तिथे त्याची खरी गरज आहे.

तपासायला बीआयएस केअर नावाचं फुकट अ‍ॅप आहे. त्यात आर-नंबर टाकला की कंपनीचं नाव, कारखान्याचा पत्ता, कुठल्या मानकाखाली नोंदणी आहे, ब्रँड कुठला आणि नोंदणी चालू आहे का, हे सगळं समोर येतं. सोन्याचा एचयूआयडी (हॉलमार्कवाल्या दागिन्यावरचा नंबर) पण त्यातच तपासता येतो, म्हणजे अ‍ॅप एकदा टाकलं की घरातल्या सगळ्यांच्या उपयोगाचं. एक लक्षात ठेवा, ही नोंदणी कंपनीला सरसकट मिळत नाही, त्या त्या कारखान्याला आणि त्या त्या प्रॉडक्टला मिळते. त्यामुळे एकाच ब्रँडच्या बल्बवर एक नंबर आणि बॅटनवर दुसरा असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट तसंच असायला हवं.

आणि इथेच मला मार्केटमध्ये जे दिसलं ते सांगते. एका काउंटरवर (नाव लिहीत नाही) वीस वॅटच्या बॅटनचा ढीग लावलेला, खोका झकपक, मागे आर-नंबर छापलेला, भाव बाकी सगळ्यांपेक्षा बराच कमी. आमचा वायरमन सोबत होता, तो म्हणाला घेऊन टाकू. मी तिथेच उभ्या उभ्या नंबर टाकला तर नंबर खरा निघाला! पण नोंदणी कोणाची, तर दुसऱ्याच कंपनीची, आणि प्रॉडक्ट मोबाइलचा चार्जर, मानक आयएस १३२५२. म्हणजे कोणाचा तरी चालू नंबर उचलून बॅटनच्या खोक्यावर छापलेला. दुकानदाराला स्क्रीन दाखवली तर म्हणाला, 'ताई, आम्हाला जसा माल येतो तसा आम्ही विकतो.' त्याचा आवाज चढला नाही की काही नाही, पण तो ढीग काही त्याने काउंटरवरून हलवला नाही. म्हणून म्हणते, नुसता नंबर आहे का एवढं बघून उपयोग नाही, नंबर टाकल्यावर जे नाव येतं ते खोक्यावरच्या उत्पादकाच्या नावाशी जुळतंय का आणि मानक बरोबर आहे का हे बघायचं. बल्ब असेल तर १६१०२, बॅटन असेल तर १०३२२, दुसरं काही आलं तर खोका खाली ठेवायचा आणि पुढच्या दुकानात जायचं.

कोणी म्हणेल एवढं काय त्यात, बल्बच तर आहे. मग भाग १ मध्ये काय तपासतात ते ऐका. बल्ब होल्डरमध्ये लावताना-काढताना बोट करंट असलेल्या भागाला लागतं का, कॅप किती तापते, प्लॅस्टिक उष्णतेने वितळतं का, पेटतं का, पिळल्यावर कॅप निघून हातात येते का. आणि एक टेस्ट तर जणू मुंबईसाठीच आहे: बल्ब ९१ ते ९५ टक्के दमट हवेत ४८ तास ठेवतात आणि मग त्याचं इन्सुलेशन मोजतात. जुलै महिन्यातला आमचा जिना आठवा, भिंतींना ओल, रेलिंगला पाणी सुटलेलं, मीटर रूममध्ये कुबट वास. तिथे असा बल्ब लावायचा ज्याचं इन्सुलेशन कोणी कधी मोजलेलंच नाही, आणि बदलायला चढणार कोण तर वॉचमन काका, तेसुद्धा ओल्या चपलांनी लोखंडी शिडीवर. कमिटीत जेव्हा 'लोकल घ्या, निम्म्यात पडेल' असा सूर निघाला तेव्हा मी हेच सांगितलं, आणि मग कोणी वाद घातला नाही.

हेही सांगायला हवं की नोंदणी म्हणजे प्रत्येक बल्ब सरकारने तपासला असं नाही. उत्पादक सॅम्पल मान्यताप्राप्त लॅबमध्ये देतो, रिपोर्टवर नोंदणी होते आणि आमचा माल मानकाप्रमाणे आहे असं तो स्वतः जाहीर करतो, नंतर बीआयएस बाजारातून सॅम्पल उचलून तपासू शकतं. म्हणजे नंबर ही किमान पायरी आहे. पण ज्याने ती पायरीसुद्धा चढायची तसदी घेतली नाही त्याने आत ड्रायव्हर (एलईडीला लागेल तशी वीज पुरवणारं सर्किट) कसला टाकला असेल? २०१७ मध्ये नील्सनने मुंबई, दिल्ली, हैदराबाद आणि अहमदाबादमधल्या २०० इलेक्ट्रिक दुकानांत पाहणी केली होती, त्यात एलईडी बल्बचे ७६ टक्के ब्रँड सेफ्टीच्या नियमात बसत नव्हते. ती जुनी गोष्ट आहे, पण वर सांगितलेली बॅटन ह्या वर्षीची आहे.

आता स्टार. बीईई म्हणजे ऊर्जा दक्षता ब्युरो, फ्रीज-एसीवर ज्यांचं लेबल असतं ते. एलईडी बल्बला स्टार आधी ऐच्छिक होते, २०१८ पासून सक्तीचे झाले. इथे स्टार कशाचे तर एका वॅटमागे किती लुमेन उजेड मिळतो त्याचे. लेबलवर वॅट, लुमेन आणि लुमेन प्रति वॅट हे आकडे असतात, तेच वाचायचे. अजूनही दुकानात लोक 'नऊ वॅटचा द्या' असंच मागतात, पण वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो ते, उजेड किती देतो ते लुमेन सांगतं. नऊ वॅटचा एक बल्ब ७२० लुमेन देतो आणि दुसरा नऊ वॅटचाच ९९० देतो, दोन्ही शेजारी लावले तर फरक डोळ्यांना दिसतो आणि बिल मात्र सारखंच येतं. मॉडेल खरंच नोंदवलेलं आहे का ते बीईई स्टार लेबल ह्या अ‍ॅपमध्ये बघता येतं, स्टारचं चित्र कोणीही छापू शकतं, म्हणून इथेही तपासा.

पण स्टारसाठी किती जास्त पैसे मोजायचे? हे मी कागदावर मांडलं, कारण हिशेब शेवटी मलाच जनरल बॉडीत द्यायचा होता. घरातला बल्ब धरा, ९०० लुमेन हवेत, रोज पाच तास. ८० लुमेन प्रति वॅटवाला सव्वाअकरा वॅट खाईल, ११० वाला साधारण आठ वॅट. वर्षाला फरक साडेपाच-सहा युनिट. म्हणजे बेडरूमच्या बल्बला एक स्टार कमी-जास्त झाल्याने काही बिघडत नाही. पण जिन्यातला दिवा रोज बारा तास जळतो आणि उजेड हवा २००० लुमेन, तिथे ९० वाला बावीस वॅट आणि १२० वाला सतरा वॅटच्या आत, वर्षाला एका दिव्यामागे चोवीस युनिटच्या आसपास फरक, आणि दिवे मजल्यागणिक. आणि जुनी छत्तीस वॅटची ट्यूब तांब्याच्या चोकसकट ४५-५० वॅट ओढत असते, तिच्याजागी वीस वॅटची बॅटन आली तर बारा तासांच्या हिशेबाने एका पॉइंटमागे वर्षाला १२० युनिट वाचतात. बेस्टचं कॉमन मीटरचं बिल हातात घेऊन हे दाखवलं की सगळ्यांना पटतं. तर माझं मत असं, जो दिवा जास्त वेळ जळतो तिथे जास्त एफिशियन्सीवाला घ्या, बाथरूम-माळा-स्टोअररूमला आर-नंबरवाला साधा घ्या. बॅटनच्या खोक्यावर तर स्वतःच भागाकार करा, लुमेन भागिले वॅट, शंभरच्या वर आलं तर चांगलं. लुमेन छापलेलेच नाहीत असे खोकेसुद्धा दिसले, ते मी हातातसुद्धा घेतले नाहीत.

खोक्यावर अजून बरंच नक्षीकाम असतं आणि दुकानदार त्यावर बोट ठेवून सर्टिफिकेट म्हणून दाखवतात. सीई हे युरोपच्या बाजाराचं चिन्ह आहे, आपल्या कायद्याच्या आर-नंबरची जागा ते घेऊ शकत नाही. आरओएचएस म्हणजे शिसं, पारा वगैरे घातक पदार्थांवर मर्यादा, चांगलीच गोष्ट, पण शॉक लागण्याशी तिचा संबंध नाही. आयएसओ ९००१ हे कंपनीच्या कामाच्या पद्धतीचं सर्टिफिकेट, हातातल्या बल्बचं नव्हे. एका खोक्यावर ही तिन्ही चिन्हं ठळक आणि आर-नंबरचा पत्ताच नाही असं पण बघितलं, आणि 'इम्पोर्टेड है' म्हणून दहा रुपये जास्त सांगत होते. ह्याशिवाय खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि कस्टमर केअर असायलाच हवं, तो पॅकेजिंगचा कायदाच आहे. नुसतं 'मेड इन पीआरसी' (म्हणजे चीन) आणि बाकी काही नाही, तर तो माल नको.

ज्या दुकानातून शेवटी घेतलं ते आतल्या गल्लीतलं छोटं दुकान, काका आणि त्यांचा पुतण्या चालवतात, आणि तिथला अनुभव खरंच छान. आर-नंबर तपासते म्हटल्यावर काकांनी स्वतःच खोक्याच्या खालच्या कडेला नंबर कुठे आहे ते बोटाने दाखवलं आणि वाचायला सोपं जावं म्हणून टॉर्च मारला. मग पुतण्याने टेस्टिंग बोर्डवर बल्ब लावून वॅटमीटर दाखवला, खोक्यावर नऊ, मीटरवर ८.८. मी म्हटलं फ्लिकर (उजेडाची लुकलुक) बघायचाय, तर त्याने लगेच एक स्वस्तातला बल्ब शेजारच्या होल्डरमध्ये लावला आणि म्हणाला आता मोबाइल स्लो मोशनवर धरा. चांगला बल्ब स्क्रीनवर शांत आणि त्या दुसऱ्याच्या उजेडात काळे पट्टे नुसते धावत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे उजेड सेकंदाला १०० वेळा वर-खाली होतो, आत नीट ड्रायव्हर आणि कपॅसिटर असेल तर तो सपाट होतो, आणि पैसे वाचवायला पहिली कात्री तिथेच लागते. डोळ्यांना पट्टे दिसत नाहीत पण अशा उजेडात बराच वेळ वाचलं तर काहींचं डोकं दुखतं, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर तर असला बल्ब नकोच नको. ही गोष्ट स्टारमधून कळत नाही, म्हणून ही टेस्ट स्वतः करायची, दुकानदार नाही म्हणाला तर समजून जायचं.

काकांनी अजून एक सांगितलं ते मला फार उपयोगाचं वाटलं. एलईडी मरतो तेव्हा बहुतेक वेळा आतली चिप गेलेली नसते, ड्रायव्हर गेलेला असतो, आणि तो जातो गरम होऊन नाहीतर व्होल्टेजचा झटका बसून. म्हणून बंद काचेच्या डोममध्ये बल्ब लावू नका, उष्णता कोंडते. आणि जिन्यासाठी ज्यावर सर्ज प्रोटेक्शन (असा झटका सोसायची क्षमता) २.५ किंवा ४ केव्ही, म्हणजे किलोव्होल्ट, लिहिलंय तो घ्या, आमच्याकडे लिफ्टची मोटर आणि पाण्याचा पंप त्याच बिल्डिंगमध्ये चालू-बंद होत असतात. खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं त्याचा अर्थही त्यांनीच सांगितला, तेवढ्या तासांनी बल्ब बंद पडतो असं नाही, त्याचा उजेड सुरुवातीच्या ७० टक्क्यांवर येतो असं धरतात. रंगाचं म्हणाल तर जिन्याला ६५०० केल्विनचा पांढरा घेतला, मी ४००० म्हणत होते, डोळ्यांना मऊ वाटतो, पण तळमजल्यावरच्या काकूंना पायऱ्यांची कडा स्पष्ट दिसायला हवी होती, आणि रोज चढणार-उतरणार त्या, तर त्यांचं ऐकलं.

भावाचा विषय काढल्याशिवाय मुंबईत रिव्ह्यू पूर्ण होत नाही. उजाला योजना आठवते ना, जानेवारी २०१५ ला सुरू झालेली, त्यात सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली आणि एलईडी बल्ब, ज्याचा खरेदीचा भाव २०१४ मध्ये ३१० रुपये होता तो दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला, लोकांना सत्तर रुपयाला मिळाला. म्हणजे चांगला बल्ब स्वस्तात होऊ शकतो हे सिद्ध झालंय, चांगलं म्हणजे महागच असं अजिबात नाही. मी आर-नंबर तपासून घेतलेला माल आणि तो चार्जरच्या नंबरवाला माल ह्यांत एका बॅटनमागे जो फरक होता तो दोन वडापावांएवढा होता. तेवढ्यासाठी जीव धोक्यात घालायचा?

बिल पक्कंच घ्या, जीएसटी नंबर आणि मॉडेलचं नाव लिहिलेलं. बिलाशिवाय देतो, अठरा टक्के वाचतील असं सांगणारे भेटतात, पण मग दोन वर्षांची रिप्लेसमेंट कोणाकडे मागणार? काकांनी बिलावर 'काउंटर रिप्लेसमेंट २ वर्ष' लिहून शिक्का मारून दिला आणि खोक्यांचे फ्लॅप फाडून एका पाकिटात ठेवायला सांगितले, बॅच नंबर त्यावरच असतो. नंबर खोटा निघाला तर तक्रार त्याच बीआयएस केअरमधून करता येते, फोटोसकट, मी त्या बॅटनची केली आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ पण आहे. आणि काढलेल्या जुन्या ट्यूब फोडून कचऱ्यात टाकू नका, त्यात पारा असतो, आमच्या मीटर रूममध्ये त्या सध्या खोक्यात उभ्या करून ठेवल्यात.

आता गच्चीवर आणि गेटवर फ्लडलाइट लावायचेत. एलईडी फ्लडलाइटलाही बीआयएस नोंदणी सक्तीची आहे, आयएस १०३२२ च्याच खाली येतात, आणि पावसासाठी आयपी ६५ बघायचं, त्यातला ६ म्हणजे आत धूळ जात नाही आणि ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. पन्नास वॅटचा हवाय, सर्ज ४ केव्हीच्या पुढचा. परळ-लालबाग-दादर पट्ट्यात कोणी मागच्या पावसाळ्याआधी लावला असेल आणि अजून धड चालत असेल तर मॉडेल आणि आर-नंबर दोन्ही कळवा, गणपतीच्या आत काम संपवायचंय.